रिकामी तिजोरी आणि सेवकाचे वेतन

(नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



डिसेंबर उजाडला की नागपूरचे रूप पालटते. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला शब्द दिला आणि त्यानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरू लागले. सरकार मुंबईहून येथे येते आणि त्याच्या मागोमाग सरकारकडे गाऱ्हाणे असलेला महाराष्ट्रही येतो. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेजच्या चौकात किंवा टेकडी मार्गावर ते अडविले जातात, निवेदन देण्यासाठी चार-पाच जणांचे शिष्टमंडळ आत जाते आणि बाकीचे रस्त्यावर बसकण मारतात. त्यांत शिक्षक असतात, ग्रामसेवक असतात, आरोग्यसेविका असतात, कंत्राटी कर्मचारी असतात. नागपूरकराला याची इतकी सवय झाली आहे, की आज कोणता रस्ता बंद आहे एवढेच तो विचारतो. मोर्चा कशासाठी आहे, हे विचारीत नाही. आजचे विवेचन त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये याच नगरीत भरलेल्या अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले, की जुनी निवृत्तिवेतन योजना परत आणता येणार नाही. आणली तर राज्यावर १ लाख १० हजार कोटी रुपयांचा भार पडेल आणि राज्य दिवाळखोरीकडे जाईल. अर्थमंत्र्याने सभागृहात उभे राहून अप्रिय सत्य सांगावे, ही गोष्ट आपल्याकडे विरळाच. परंतु त्यानंतर जे घडले तेही तितकेच बोलके आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूर शिक्षक मतदारसंघाचा निकाल लागला. शिक्षक परिषदेचे नागो गाणार पराभूत झाले आणि सुधाकर अडबाले निवडून आले. त्या प्रचारात जुन्या निवृत्तिवेतनाचा मुद्दा किती तापला होता, हे नागपुरात बसलेल्या श्रोत्यांना सांगावयास नको. १४ मार्च २०२३ रोजी राज्यभर कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो २० मार्चला आश्वासनावर मिटला. मार्च २०२४ मध्ये अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतनाची सुधारित योजना जाहीर झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मान्य केली आणि राज्य मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी तिचा स्वीकार केला.

या घटनाक्रमात कोण जिंकले आणि कोण हरले, हा वृत्तपत्रांचा विषय. विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की दोन्ही बाजूंकडे सत्य होते. २००५ च्या १ नोव्हेंबरनंतर सेवेत आलेला शिक्षक म्हणत होता, की त्याच शाळेत, त्याच फळ्यासमोर, तेच काम करून शेजारच्या शिक्षकाच्या म्हातारपणाची हमी सरकार घेते, मग माझी का नाही? त्याच्या म्हणण्यात खोट नव्हती. आणि तिजोरीचे म्हणणेही खोटे नव्हते. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी आणि महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी धरण्यात आला. म्हणजे ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन बाबींतच महसुलाचा निम्म्याहून अधिक भाग जातो. सिंचनासाठी, रस्त्यांसाठी, यवतमाळ-वाशीमच्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी जे काही करावयाचे, ते उरलेल्यातून आणि कर्जातून.

तूट असताना सेवकाचे वेतन कसे ठरवावे, हा प्रश्न पाश्चात्त्य अर्थशास्त्राबरोबर आपल्याकडे आला, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्राच्या पाचव्या अधिकरणात एक संपूर्ण अध्यायच सेवकांच्या वेतनाला दिला आहे. राज्याच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा सेवकांवर खर्च व्हावा, अशी मर्यादा तो घालतो. मंत्री आणि सेनापती यांना ४८ हजार पण, समाहर्ता आणि सन्निधाता यांना २४ हजार, आणि उतरत उतरत अगदी खालच्या सेवकाला ६० पण. म्हणजे वरचा आणि खालचा यांत ८०० पटींचे अंतर! प्राचीन तेवढे सर्व समतेचे, असे म्हणण्याची घाई ज्यांना असते त्यांनी हा आकडा जरूर पाहावा. सातव्या केंद्रीय वेतन आयोगाने किमान १८ हजार आणि कमाल अडीच लाख ठरविले. ते अंतर चौदा पटींच्या आतच आहे.

परंतु त्या अध्यायातील खरी मर्मदृष्टी पुढे आहे. कोश क्षीण झाला असेल तर काय करावे? कौटिल्य सांगतो, की वनातील उत्पादने, पशू, शेते द्यावीत आणि थोडे रोख द्यावे. सेवकाला रिकाम्या हाताने परत पाठवू नये. त्याचबरोबर तो एक इशारा देतो. नव्या प्रदेशात वसाहत बसविताना मात्र रोखच द्यावे, गाव देऊ नये. कारण गाव दिले की गावावरचा राज्याचा व्यवहार सेवकाच्या हाती जातो. आणि कामावर असताना सेवकाचा मृत्यू झाला तर त्याच्या पत्नी-पुत्रांना अन्न व वेतन मिळावे, असेही तो लिहितो. दोन हजार वर्षांपूर्वीची ही कुटुंबनिवृत्तिवेतनाची कल्पना होय.

गाव देऊ नये, या इशाऱ्याचा अर्थ मराठी माणसाइतका दुसऱ्या कोणाला कळावा? छत्रपती शिवाजी महाराजांनी सैनिकाला आणि कारकुनाला रोख वेतन किंवा सरकारी खजिन्यावर वरात देण्याची पद्धत कटाक्षाने पाळली आणि वेतनापोटी मुलूख तोडून देण्याची चाल मोडून काढली. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी सत्तेच्या उदयाची मीमांसा करताना महाराजांच्या राज्यव्यवस्थेचे हे वैशिष्ट्य आवर्जून नोंदविले आहे. रोख वेतन देणारे राज्य सेवकाला उद्या बदलू शकते, हिशेब विचारू शकते; जमीन देऊन बसलेले राज्य सेवकाच्या नातवाशी वाटाघाटी करीत बसते.

पुढे १६८९ साली संभाजी महाराजांचे बलिदान झाले, रायगड पडला आणि राजाराम महाराजांना जिंजीला जावे लागले. खजिना नव्हता, मुलूख शत्रूच्या हाती होता, आणि लढणारी माणसे तर हवी होती. तेव्हा वतने आणि सरंजाम देण्याचे मान्य करावे लागले. अजून जिंकावयाच्या प्रदेशांचेही वायदे झाले. त्या वेळी तसे केले नसते तर स्वराज्य उरलेच नसते, हे मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे. संकटकाळी काढलेला तो तोडगा संकट सरल्यावर मागे घेतला गेला नाही. शाहू महाराजांच्या काळात तीच व्यवस्था स्थिर झाली. रघुजी भोसल्यांचे नागपूर त्या व्यवस्थेतून उभे राहिले, त्यांच्या पराक्रमाने बंगालपर्यंत दरारा बसला. पण साताऱ्याच्या गादीला आपल्याच सरदारांकडून हिशेब मागणे उत्तरोत्तर अवघड होत गेले. आजचे देणे उद्याच्या महसुलावर लोटण्याची ही रीत. तिला आज वतन म्हणत नाहीत, एवढेच.

आता एकदम १९३१ सालाकडे यावे लागते, कारण तुटीच्या काळात सरकारी वेतनाला उघडपणे कात्री लागल्याचा आधुनिक काळातील ठळक दाखला तेथे आहे. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते. ब्रिटनमध्ये सरकारने काटकसर म्हणून सरकारी वेतनांत कपात जाहीर केली. आरमारात ती लागू करताना अधिकाऱ्यांना सुमारे दशांश कपात आणि जुन्या दराने वेतन घेणाऱ्या खलाशाचे दिवसाचे ४ शिलिंग मात्र ३ वर. म्हणजे वर दशांश, तर खाली चतुर्थांश! १५ सप्टेंबर १९३१ रोजी स्कॉटलंडमधील इन्व्हरगॉर्डन येथे हजारो खलाशांनी जहाजे हलविण्यास नकार दिला. रक्तपात झाला नाही, पण जगातील सर्वांत बलाढ्य आरमाराचे खलाशी हुकूम मोडतात, ही वार्ता पसरताच पौंडावरील उरलासुरला विश्वास उडाला आणि २१ सप्टेंबरला ब्रिटनने सुवर्णमान सोडला. कपात नंतर दशांशावर आणावी लागली. खलाशी कपातीसाठी तयारही झाले असते. त्यांना अन्याय्य वाटणी सहन झाली नाही.

त्याच महिन्याच्या २९ तारखेला हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य सर जॉर्ज शुस्टर यांनी पुरवणी अंदाजपत्रक मांडले. प्राप्तिकरावर २५ टक्के अधिभार आला आणि सरकारी सेवकांच्या वेतनात १० टक्के कपात झाली. ती आणीबाणीची, तात्पुरती कपात आहे असे सांगितले गेले होते. १९३३ साली ती निम्म्यावर आली आणि १९३५ साली पूर्णपणे रद्द झाली. परकीय सरकारची बाजू घेण्याचे काहीच कारण नाही. त्या राजवटीने गोऱ्या अधिकाऱ्यांच्या सवलतींसाठी १९२४ साली ली आयोगाच्या शिफारशी आपल्या लोकप्रतिनिधींचा विरोध झुगारून स्वीकारल्या होत्या. तरीही कापले तर उघड कापले आणि शब्दाप्रमाणे परत केले, एवढे त्यांच्या खात्यावर मांडावे लागते.

याच सुमारास, १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने ठराव केला, की राज्याच्या सेवकाला सामान्यतः महिना ५०० रुपयांहून अधिक वेतन नसावे. ठराव करणे सोपे असते. त्याची कसोटी १९३७ साली आपल्या नागपुरात लागली. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळाचे नेतृत्व डॉ. नारायण भास्कर खरे यांच्याकडे आले. हेच डॉ. खरे पुढे हिंदु महासभेचे अध्यक्ष झाले. मंत्र्यांनी ५०० रुपये वेतन घेतले. त्यांच्या हाताखालच्या आय.सी.एस. सचिवांचे वेतन मात्र याच्या कित्येक पट होते आणि १९३५ च्या कायद्याने ते मंत्र्यांच्या अधिकाराबाहेर ठेवले होते. मंत्र्याने सही करावी आणि सचिवाने त्याच्या अनेक पटींनी वेतन उचलावे, असे ते विलक्षण दृश्य होते. त्या मंत्रिमंडळाचे पुढे काय झाले, वर्धा आणि नागपूर यांत काय बिनसले, तो वेगळा इतिहास आहे. परंतु आधी स्वतःपासून, ही गोष्ट तेव्हा नुसती बोलली गेली नव्हती.

ही आठवण उगाच काढलेली नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने आमदारांच्या वेतनवाढीचे विधेयक चर्चेविना संमत केले. माजी आमदारांचे निवृत्तिवेतन ४० हजारांवरून ५० हजार झाले. सर्वपक्षीय एकमत किती शीघ्र होऊ शकते, याचा तो नमुना होता. एका कार्यकाळावर आयुष्यभराचे निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्रतिनिधीने तीस वर्षे खेड्यात शिकविलेल्या शिक्षकाला तिजोरीची मर्यादा समजावून सांगावी, तर ऐकणाऱ्याच्या मनात काय येईल?

स्वातंत्र्यानंतर तुटीच्या आणि महागाईच्या काळात सरकारांनी वेगवेगळे मार्ग चोखाळले. १९७४ साली इंदिरा गांधींच्या सरकारने वाढीव वेतन संपूर्ण आणि वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीने ठेवीत टाकण्याचा वटहुकूम काढला. महाराष्ट्रात १४ डिसेंबर १९७७ पासून राज्य कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप झाला. र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखालील त्या संपाची मुख्य मागणी केंद्राप्रमाणे महागाई भत्ता ही होती. वसंतदादा पाटील यांचे सरकार नमले नाही. कर्मचारी रिकाम्या हाताने कामावर परतले. आणि पुढे आलेल्या पुलोद सरकारने तीच मागणी मान्य केली. ५४ दिवस कोलमडलेले प्रशासन, बंद शाळा, गेलेला पगार, हे सर्व मग कशासाठी सोसले? देण्याजोगे होते तर आधी का दिले नाही, आणि नव्हते तर नंतर कोठून आले, याचे उत्तर जनतेला कोणीच दिले नाही.

पाचव्या केंद्रीय वेतन आयोगाची कथा तर याहून शिकण्यासारखी. न्यायमूर्ती रत्नवेल पांडियन यांच्या आयोगाने १९९७ च्या आरंभी अहवाल दिला. वेतनवाढ सुचविताना त्याने दहा वर्षांत मनुष्यबळात ३० टक्के घट करावी, असेही सुचविले होते. गुजराल सरकारने वाढ स्वीकारली, इतकेच नव्हे तर मूळ वेतनावरील २० टक्क्यांची शिफारस ४० टक्क्यांवर नेली आणि मनुष्यबळाचे प्रकरण बाजूला ठेवले. औषधाच्या पुडीतील साखर तेवढी खाल्ली! राज्यांनी केंद्राच्या पावलावर पाऊल टाकले आणि नव्वदीच्या अखेरीस एकामागून एक राज्यांची अंदाजपत्रके कोलमडली.

मग सरकारे एक नवी कला शिकली. वेतन कमी करावयाचे, पण कोणाचे वेतन कमी केले असे दिसू द्यावयाचे नाही. जे सेवेत आहेत त्यांची संघटना असते, मतदान असते; जे अजून सेवेत यावयाचे आहेत त्यांची नसते. भार त्यांच्यावर टाकला गेला. २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली. डी.एड. होऊन नोकरीला लागलेल्या तरुणाला पहिली तीन वर्षे महिना ३ हजार रुपये मानधन! ते पुढे ६ हजार झाले आणि २०२३ साली १६ हजार. मधली कित्येक वर्षे खेड्यातील प्राथमिक शिक्षक ६ हजारांत संसार रेटीत होता. खोली भाड्याने घेऊन, एस.टी.ने ये-जा करून, घरी आई-वडिलांना काही पाठवून महिन्याअखेर काय उरत असेल, याचा हिशेब मांडायला अर्थशास्त्र यावे लागत नाही. पूर्ण वेतन घेणारा आणि मानधन घेणारा एकाच वर्गखोलीच्या भिंतीच्या दोन बाजूंना शिकवीत होते. राष्ट्रनिर्मितीचे शिक्षण ज्याच्या हाती द्यावयाचे त्याची सुरुवातच राज्याने अपमानाने करावी, हे कोणत्या काटकसरीत बसते?

२००५ चा निवृत्तिवेतनाचा निर्णयही त्याच जातीचा. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि राज्याने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या सेवकांना अंशदानाची योजना लागू केली. विचार म्हणून ती अयोग्य नव्हती. वाढते आयुर्मान आणि घटता महसूल यांचा मेळ घालणे भागच होते. केंद्रातील निर्णय अटलजींच्या सरकारचा होता आणि त्यामागे दूरदृष्टी होती. परंतु खासदार-आमदारांची निवृत्तिवेतने जुन्याच पद्धतीने चालू राहिली, आणि नव्या योजनेत वृद्धापकाळी किमान किती मिळेल हे कोणी सांगितले नाही. रिकाम्या राहिलेल्या जागा, कंत्राटावर घेतलेली माणसे हीही त्याच कलेची अंगे. सप्टेंबर २०२३ मध्ये खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासननिर्णय निघाला आणि लोकक्षोभ पाहून ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. रिक्त जागा हीसुद्धा कपातच असते. ती कर्मचाऱ्याच्या नव्हे, तहसील कचेरीत चौथ्यांदा खेटा घालणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशातून होते.

सातव्या आयोगाच्या वेळी राज्याने १ जानेवारी २०१६ पासूनची वाढ जानेवारी २०१९ मध्ये प्रत्यक्ष दिली आणि तीन वर्षांची थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत भविष्य निर्वाह निधीत टाकली. एकूण भार ३८ हजार कोटींहून अधिक सांगण्यात आला. आणि पहिले हप्ते देता देताच महामारी आली. ३१ मार्च २०२० रोजी तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी घोषणा केली: मुख्यमंत्र्यांसह सर्व मंत्री व लोकप्रतिनिधींना ६० टक्के, अ आणि ब वर्गाला ५० टक्के, क वर्गाला २५ टक्के कपात, ड वर्गाला काहीच नाही. त्या घोषणेवर गदारोळ झाला, कपात नव्हे तर दोन टप्प्यांत वेतन असा खुलासा करावा लागला. पक्षभेद बाजूला ठेवून पाहिले तर त्या घोषणेतील क्रम योग्य होता: जो वर आहे त्याच्यावर अधिक, जो तळाशी आहे त्याला धक्का नाही. इन्व्हरगॉर्डनला ब्रिटिश आरमाराने जे उलटे केले, ते येथे सुलटे होते. केंद्राने त्याच एप्रिलमध्ये खासदारांच्या वेतनात वर्षभरासाठी ३० टक्के कपात केली आणि मग महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठविले. भत्ता जुलै २०२१ पासून पुन्हा सुरू झाला, परंतु अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. ३४ हजार ४०२ कोटी रुपये त्यातून वाचल्याचे सरकारने संसदेत सांगितले. देशावरील संकट पाहून कर्मचाऱ्याने ते सोसले. ही रक्कम परत मिळणार नाही हे त्याला आरंभीच सांगण्यात आले होते, म्हणून रोष झाला तरी फसवणुकीची भावना झाली नाही.

विदर्भाच्या मातीतील एका द्रष्ट्याचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. राष्ट्रहिताच्या चौकटीतच श्रमिकाचे हित, ही त्यांची भूमिका; पण तेवढ्यावर थांबून कामगाराला गप्प बसविण्याचे काम त्यांनी कधी केले नाही. बोनस म्हणजे मालकाची कृपा नसून लांबणीवर पडलेले वेतन आहे, हा आग्रह त्यांच्या संघटनेने धरला. २००१ साली दिल्लीच्या रामलीला मैदानावर त्यांनी आपल्याच विचारांच्या सरकारच्या आर्थिक धोरणांवर प्रहार केला आणि २००३ साली पद्मभूषण नाकारले. वेतन लांबणीवर टाकले म्हणजे ते देणे संपत नाही, ते व्याजासह उभे राहते, हा दत्तोपंतांचा विचार अर्थमंत्र्यांच्या आणि कर्मचारी नेत्यांच्या, दोघांच्याही टेबलावर असावयास हवा.

आता आठवा केंद्रीय वेतन आयोग नेमला गेला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची कार्यकक्षा ठरली. अध्यक्षपदी न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई आहेत आणि अठरा महिन्यांची मुदत आहे. देशाची आर्थिक स्थिती, वित्तीय शिस्त, अंशदान नसलेल्या निवृत्तिवेतनाचा भार आणि राज्यांच्या तिजोऱ्यांवर होणारा परिणाम यांचा विचार करावा, असे त्या कार्यकक्षेत लिहिले आहे. शिफारशी आल्यावर महाराष्ट्राला आपली समिती नेमावी लागेल, जशी पूर्वी हकीम समिती आणि बक्षी समिती नेमली होती. त्या समितीचा अहवाल सभागृहापुढे येईल तेव्हा वेतनश्रेणींच्या तक्त्यासोबत आणखी तीन कागद असावेत. रिक्त पदे किती आणि त्यांतील कोणती भरणार, कोणती कायमची बंद करणार. पुढील तीस वर्षांत निवृत्तिवेतनाचे देणे दरवर्षी किती होणार. आणि मंत्री, आमदार व प्रथम वर्ग अधिकारी यांना वाढ केव्हापासून लागू होणार, शिपाई आणि शिक्षणसेवकाच्या आधी की नंतर. हे कागद नागपूरच्या अधिवेशनात, बाहेर टेकडी मार्गावर मोर्चा बसलेला असताना मांडले जावेत आणि त्यांची एक प्रत निवेदन घेऊन आत आलेल्या शिष्टमंडळाच्याही हाती द्यावी.